आधी जमीन, मग सैन्य : टेबलावर ॲजिनकोर्टची लढाई मांडण्याची पहिली तयारी

दिवाळीचा किल्ला करताना मावळे कोणी आधी मांडत नाही. दगड-विटांचा ढीग रचायचा, त्यावर ओले गोणपाट टाकायचे, चिखल लिंपायचा, हळीव पेरायचे, पायवाट आणि तळे करायचे, आणि सगळे वाळत आल्यावर खोक्यातले मावळे काढून योग्य त्या बुरुजावर उभे करायचे, हा क्रम आपल्या हातांना लहानपणापासून ठाऊक असतो. टेबलावर मध्ययुगीन लढाया खेळू पाहणारा नवखा माणूस मात्र बहुधा हा क्रम उलटा करतो. तो आधी सैनिकांच्या शंभर-दीडशे छोट्या आकृत्या मागवतो, त्यांतल्या दहा रंगवतो, उरलेल्या पाहून थकतो, आणि लढाई खेळायची राहूनच जाते. या लेखात मी किल्ल्याचाच क्रम सुचवणार आहे : प्रथम जमीन, मग नियम, मग आकृत्या आणि सर्वांत शेवटी रंग. मध्ययुगातल्या कित्येक लढायांचा निकाल माणसांइतकाच जमिनीने लावला, आणि टेबलावर जमीन खरी वाटली की मोजक्या सैनिकांतही लढाई उभी राहते.

ज्यांना या छंदाची मुळीच ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दोन खेळाडू टेबलाच्या समोरासमोरच्या कडांना बसतात. प्रत्येकाकडे प्लॅस्टिकच्या किंवा धातूच्या छोट्या सैनिकांच्या काही तुकड्या असतात. बुद्धिबळासारखी घरे इथे नसतात. तुकडी किती सरकली आणि बाण कुठवर पोहोचला हे टेपने इंचांत मोजतात. हल्ल्याचा परिणाम फासे टाकून ठरतो, आणि कोणत्या परिस्थितीत किती फासे टाकायचे हे नियमपुस्तिका सांगते. एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये खेळण्यातल्या सैनिकांशी खेळण्याचे नियम छापून प्रसिद्ध केले, तेव्हापासून हा छंद घराघरांत पोहोचू लागला.

पहिली पायरी : एकच लढाई निवडणे

‘मध्ययुग’ हा हजार वर्षांचा पट्टा आहे. त्यातले सगळेच आवडते म्हणून वायकिंग, धर्मयोद्धे आणि मंगोल यांचे थोडे थोडे गोळा केले, तर कोणत्याही एका लढाईत न बसणारी तीन अर्धी सैन्ये हाती राहतात. म्हणून एक लढाई निवडावी आणि तिची दोन्ही सैन्ये आपणच तयार करावीत. आपल्याकडे हा छंद जोपासणारे विखुरलेले आहेत. समोरचा खेळाडू सैन्य घेऊन येईल अशी वाट पाहण्यापेक्षा दोन्ही बाजू घरात असल्या की भावाला, मुलीला किंवा शेजाऱ्याला बसवून त्याच संध्याकाळी खेळता येते.

नवख्यासाठी माझी निवड ॲजिनकोर्टची आहे. इंग्लंडचा राजा पाचवा हेन्री ऑगस्ट १४१५ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरला आणि त्याने आर्फ्लर बंदराला वेढा घातला. २२ सप्टेंबरला शहर शरण आले, पण तोवर हगवणीने त्याचे सैन्य पोखरले होते. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात तो तेव्हा इंग्रजांच्याच ताब्यात असलेल्या कॅले बंदराकडे निघाला. सोम नदी पायी ओलांडायची नेहमीची जागा फ्रेंचांनी अडवली होती, त्यामुळे त्याला नदीकाठाने बरेच आत जाऊन पलीकडे जावे लागले. अखेर २५ ऑक्टोबरला ॲजिनकोर्ट आणि त्रामकूर या दोन गावांच्या रानांमध्ये फ्रेंच सैन्याने त्याची वाट रोखली.

दोन रानांमधली मोकळी जागा रुंदीला एक किलोमीटरही नव्हती. जमीन नुकतीच नांगरलेली होती आणि आदल्या रात्री जोराचा पाऊस झाला होता. आपादमस्तक पोलादी चिलखत घातलेले फ्रेंच योद्धे त्या चिखलातून पायी पुढे सरकत होते आणि दोन्ही बाजूंनी इंग्रज धनुर्धारी बाण सोडत होते. धनुर्धाऱ्यांनी घोडदळाला रोखण्यासाठी जमिनीत टोकदार खुंट रोवले होते. बगलांवरून आलेला घोडेस्वारांचा हल्ला फसला आणि बिथरलेले घोडे मागे फिरून आपल्याच पायदळात घुसले. पुढचे अडखळले, मागचे दाटीने रेटत राहिले, आणि हात हलवायलाही जागा उरली नाही. फ्रेंच सेनापती शार्ल दाल्ब्रे मारला गेला, मार्शल बूसिको पकडला गेला, आणि प्रेतांच्या ढिगाखालून जिवंत सापडलेला ऑर्लेआंचा ड्यूक १४४० पर्यंत इंग्लंडच्या कैदेत राहिला. फ्रेंच सैन्य इंग्रजांपेक्षा नेमके किती मोठे होते यावर इतिहासकारांचे एकमत नाही. कोणी दीडपट मानतात, कोणी त्याहून कितीतरी अधिक. जमिनीबद्दल मात्र असा मोठा वाद नाही, आणि टेबलावर आपल्याला मांडायची आहे ती मुख्यतः तीच.

दुसरी पायरी : जमीन तयार करणे

सुरुवातीला चार फूट बाय चार फूट एवढी जागा पुरते. जेवणाचे टेबल लहान असेल तर त्यावर प्लायवूडचा तेवढा तुकडा ठेवावा. फळी घरात उभी करून ठेवायची असेल तर दोन फूट रुंदीचे दोन तुकडे कापून घेणे सोयीचे. पायाला हिरवट-तपकिरी जाड सुती कापड घालावे. त्याखाली एक-दोन पातळ पुस्तके सरकवली की जमिनीला हलके चढउतार येतात.

नांगरट ही या मैदानाची ओळख आहे, त्यामुळे तिच्यावर एक पूर्ण संध्याकाळ खर्च करावी. सामानाच्या खोक्याचा जाड पुठ्ठा घेऊन त्याचा वरचा सपाट कागद पाण्याने किंचित ओला करून सोलून काढला, की आतला नालीदार थर उघडा पडतो आणि त्याच्या नाल्या थेट नांगराच्या तासांसारख्या दिसतात. हे तुकडे वळू नयेत म्हणून दुसऱ्या पुठ्ठ्यावर चिकटवावेत, त्यांवर पाणी मिसळलेला फेविकॉल फासून चाळलेली बारीक वाळू भुरभुरावी, आणि वाळल्यावर गडद तपकिरी रंग द्यावा. तासांच्या खळग्यांत चकाकणाऱ्या वॉर्निशचा एक हात दिला की रात्रीचा पाऊस तिथे साचलेला दिसतो. चिखल मळल्यासारखा दाखवायचा असेल तर काही ठिकाणी नाल्या बोटाने दाबून मोडाव्यात. काथ्याच्या जुन्या पायपुसणीचे कापलेले तुकडेही शेतासाठी उत्तम चालतात, फक्त ते उभ्या पिकासारखे दिसतात आणि आपल्याला हवी आहे ती ऑक्टोबरातली, पीक निघून गेलेली, ओली जमीन.

रानासाठी वाळक्या फांद्यांची बारीक टोके जमवावीत. त्यांना फेविकॉल लावून हिरवा-पिवळसर रंगवलेला लाकडाचा भुसा चिकटवला की शरद ऋतूतली झाडे तयार होतात. किल्ल्यासाठी रंगवलेला भुसा उरला असेल तर तोच वापरावा. झाडे पुठ्ठ्याच्या वेड्यावाकड्या कापलेल्या तळांवर बसवावीत, म्हणजे ‘हे रान’ आणि ‘हे मोकळे’ याची हद्द खेळताना वादाविना कळते. खुंटांसाठी उदबत्तीच्या जळून उरलेल्या काड्यांइतके सोयीचे दुसरे काही मला सापडलेले नाही : त्या बांबूच्या असतात, सहज तासता येतात आणि योग्य जाडीच्या असतात. पाऊण इंचाचे तुकडे एका टोकाला तासून, पुठ्ठ्याच्या तीन-चार इंच लांब पट्ट्यांवर शत्रूच्या दिशेने तिरके रोवावेत. अशा नऊ-दहा पट्ट्या पुरे होतात.

आता मांडणी करू. डाव्या आणि उजव्या कडेला नऊ-नऊ इंच रुंदीचे रान ठेवावे, म्हणजे मध्ये तीस इंचांची वाट उरते. त्या वाटेच्या मध्यभागी, सैन्याच्या चालीच्या दिशेने बारा इंच भरेल असा नांगरटीचा आडवा पट्टा घालावा. पायदळ एका चालीत सहा इंच जात असेल आणि चिखलात निम्मे, तर हा पट्टा ओलांडायला दोनऐवजी चार चाली लागतात. त्या वाढीव दोन चाली म्हणजे इंग्रज बाणांच्या वर्षावाच्या दोन जादा फेऱ्या. लढाईचा सगळा ताण या एका मापात आहे. चार-पाच डावांनंतर फ्रेंच सतत जिंकू लागले तर पट्टा पंधरा इंचांचा करावा आणि पोहोचतच नसतील तर नऊ इंचांवर आणावा.

तिसरी पायरी : नियम निवडणे

आकृत्यांच्या आधी नियम ठरवायचे, कारण कोणत्या तुकडीत किती आकृत्या लागतील हे नियमच सांगतात. ‘डी बेलिस ॲन्टिक्विटॅटिस’, म्हणजे डीबीए, या १९९० पासून चालत आलेल्या नियमांत प्रत्येक बाजूला बाराच तळ, म्हणजे आकृत्या चिकटवलेले तुकडे, लागतात आणि तासाभरात डाव संपतो. त्याची मांडणी सुबक आहे, पण भाषा अतिशय घट्ट आहे आणि पहिल्याच वाचनात ती उलगडेल असे सांगता येत नाही. म्हणून नवख्याने डॅनियल मर्सी यांच्या ‘लायन रॅम्पंट’पासून सुरुवात करावी असे मला वाटते. ऑस्प्रे या प्रकाशनसंस्थेने ते २०१४ मध्ये प्रसिद्ध केले आणि २०२२ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली.

या नियमांत प्रत्येक तुकडीला गुणांची किंमत असते आणि साधारण खेळ २४ गुणांचा असतो. तुकडी बारा किंवा सहा आकृत्यांची असते. लढताना मात्र निम्म्याहून जास्त आकृत्या शिल्लक असलेली तुकडी बारा फासे टाकते, आणि निम्म्या किंवा त्याहून कमी उरल्या की सहा. ‘चिलखत’ हा आकडा एक आकृती पाडायला किती फटके लागावे लागतात ते सांगतो. पूर्ण चिलखतातल्या योद्ध्यांसाठी तो चार आहे, धनुर्धाऱ्यांसाठी दोन. म्हणजे बारा फाशांत चार बाण लागले तर समोरचा एकच चिलखतधारी पडतो.

या नियमांचे मर्म आज्ञापालनात आहे. तुकडीला हलवण्यापूर्वी दोन फासे टाकून ठरावीक बेरीज गाठावी लागते, आणि ती गाठता आली नाही तर तुमची पाळी तिथेच संपते. समजा सात हवेत. दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी २१ मध्ये सात किंवा त्याहून अधिक बेरीज येते. चार तुकड्यांना ओळीने सात हवे असतील, तर चौघीही हलण्याचा योग आठ-नऊ वेळांतून एकदाच येतो. नवख्याला हे प्रथम अन्यायकारक वाटते, पण मध्ययुगीन सरदारांची फौज अशीच चालत असे. कवायत केलेली पलटण तेव्हा नव्हती. आपापल्या मानापानाची काळजी घेणारे सरदार आणि त्यांची माणसे होती. कोणत्या तुकडीला आधी हाक द्यायची आणि कोणती आज पुढे सरकली नाही तरी चालेल, हे दर पाळीला ठरवणे म्हणजेच या खेळातले सेनापतिपद.

चौथी पायरी : नेमक्या आकृत्या मागवणे

आता मोजून यादी करता येते. इंग्रजांसाठी धनुर्धाऱ्यांच्या तीन तुकड्या घ्याव्यात, प्रत्येकी चार गुण आणि बारा आकृत्या. त्यांच्या जोडीला पायी लढणाऱ्या चिलखतधारी योद्ध्यांच्या, म्हणजे मेन-ॲट-आर्म्सच्या, दोन तुकड्या, प्रत्येकी सहा गुण आणि सहा आकृत्या. एकूण २४ गुण, ४८ आकृत्या. फ्रेंचांसाठी घोड्यावरच्या मेन-ॲट-आर्म्सची एक तुकडी आणि पायी मेन-ॲट-आर्म्सच्या तीन. सगळ्या सहा-सहा गुणांच्या आणि सहा-सहा आकृत्यांच्या. एकूण २४ गुण, २४ आकृत्या. फ्रेंचांजवळ तिरंदाजही होते, पण सरदारांच्या गर्दीत त्यांना मागे ठेवले गेले आणि त्यांचा फारसा उपयोग झाला नाही, म्हणून पहिल्या डावात त्यांना वगळले तर इतिहासाशी मोठी प्रतारणा होत नाही. दोन्ही बाजू मिळून ७२ आकृत्या होतात. याहून एकही जास्त सुरुवातीला घेऊ नये.

आकाराचा निर्णय खिशाप्रमाणे करावा. सर्वाधिक प्रचलित आकार २८ मिलिमीटर, म्हणजे आकृतीची उंची साधारण तेवढी. पेरी मिनिएचर्स या ब्रिटिश कंपनीची १४१५ ते १४२९ या काळाची प्लॅस्टिकची खोकी या लढाईसाठी अगदी नेमकी आहेत. परदेशातून पार्सल मागवताना टपालखर्च आणि सीमाशुल्क धरून हिशेब करावा आणि शक्य असेल तर दोघा-तिघांनी मिळून मागवावे. १/७२ प्रमाणाच्या प्लॅस्टिकच्या आकृत्या बऱ्याच स्वस्त पडतात. त्या किंचित लहान असतात, मात्र मऊ प्लॅस्टिकवरचा रंग हाताळताना लवकर उडतो. जवळ त्रिमितीय छपाई करून देणारे कोणी असेल तर रेझिनच्या आकृत्याही मिळू शकतात. आणि हे काहीच लगेच जमणार नसेल तर पुठ्ठ्याचे चौकोन कापून त्यांवर ‘धनुर्धारी’, ‘घोडदळ’ असे लिहून पहिले दोन-तीन डाव जरूर खेळावेत. जमीन आणि नियम तयार आहेत, तेव्हा खेळ अडत नाही.

तळांसाठी २५ मिलिमीटरचे गोल एमडीएफ तुकडे किंवा हार्डवेअरच्या दुकानातले लोखंडी वॉशर घ्यावेत. घोडेस्वारांना मोठे तळ लागतील. वॉशरचा एक फायदा असा की डब्याच्या तळाशी चुंबकाची पट्टी चिकटवली की आकृत्या प्रवासात हलत नाहीत आणि भाले मोडत नाहीत.

पाचवी पायरी : जोडणे आणि रंगवणे

प्लॅस्टिकच्या आकृत्या ज्या चौकटीला जोडून येतात तिच्यातून त्या पिळून तोडू नयेत, पक्कडीने कापून काढाव्यात. साच्याची जी बारीक उभी रेघ अंगावर दिसते ती पात्याच्या मागच्या बाजूने खरवडावी. कडक प्लॅस्टिकला प्लॅस्टिकचा गोंद, धातू आणि रेझिनला झटपट चिकटणारा सुपरग्लू, असा नियम लक्षात ठेवावा. जुन्या धातूच्या आकृत्यांत शिसे असू शकते, म्हणून त्या कोरड्या घासू नयेत आणि काम झाल्यावर हात धुवावेत. रेझिनचा भुसाही श्वासात जाऊ देऊ नये.

अस्तराचा रंग, म्हणजे प्रायमर, हा आपल्या हवेत विशेष काळजीचा विषय आहे. पावसाळ्यात फवाऱ्याचा प्रायमर हवेतल्या ओलाव्यामुळे आकृतीवर खरखरीत किंवा पांढुरका बसतो. जुलै महिन्यात गॅलरीत फवारलेले बारा धनुर्धारी मला पुन्हा सोलून काढावे लागले होते, आणि तेव्हापासून जून ते सप्टेंबर मी ब्रशने लावायचा प्रायमरच वापरतो.

फ्रेंचांपासून आरंभ करावा, कारण १४१५ च्या योद्ध्याचे बहुतेक अंग उघड्या पोलादाचे असते आणि पोलाद रंगवायला सर्वांत सोपे. काळे अस्तर द्यावे. रुपेरी रंग ब्रशला घेऊन कागदावर जवळजवळ पूर्ण पुसून टाकावा आणि तो कोरडा ब्रश आकृतीवरून हलकेच फिरवावा, म्हणजे उंचवटे चकाकतात आणि खाचा काळ्याच राहतात. त्यावर पातळ काळ्या शाईचा एक हात दिला की चिलखत तयार. सहा आकृत्या एकदम घ्याव्यात आणि सहांचेही पोलाद, मग सहांचेही चामडे, मग चेहरे, अशा क्रमाने जावे. आठवड्याला एक तुकडी हा वेग नोकरी करणाऱ्यालाही झेपतो, आणि नऊ तुकड्या नऊ आठवड्यांत उभ्या राहतात.

काही फ्रेंच सरदारांच्या अंगरख्यांवर त्यांची कुलचिन्हे रंगवावीत. युरोपीय कुलचिन्हांचा एक जुना दंडक आहे : सोनेरी आणि रुपेरी हे धातू, बाकीचे रंग, धातूवर धातू ठेवायचा नाही आणि रंगावर रंग ठेवायचा नाही. त्यामुळे दुरूनही चिन्ह ठळक ओळखू येते. ऐतिहासिक सरदार सापडला नाही तरी हा दंडक पाळून केलेले काल्पनिक चिन्ह काळाला शोभते. हेन्रीच्या ध्वजावर दोन चौकोनांत निळ्यावर तीन सोनेरी लिलीची फुले आणि दोन चौकोनांत तांबड्यावर तीन सोनेरी सिंह होते, कारण तो फ्रान्सच्या गादीवरही हक्क सांगत होता. हा ध्वज संगणकावर तयार करून छापावा, पातळ फेविकॉल लावून काठीभोवती दुमडावा आणि ओला असतानाच बोटांनी सुरकुत्या पाडाव्यात.

धनुर्धाऱ्यांकडे मात्र नीटनेटकेपणा टाळावा. जाँ द वाव्रँ हा बखरकार त्या दिवशी फ्रेंच बाजूला हजर होता. बखरींतल्या वर्णनानुसार बहुतेक धनुर्धाऱ्यांच्या अंगावर चिलखत नव्हते, तुमानी गुडघ्यांवरून सैल सोडलेल्या होत्या, कमरेला कुऱ्हाडी किंवा तलवारी लटकत होत्या, आणि कित्येक अनवाणी व उघड्या डोक्याने लढत होते. आर्फ्लरची हगवण आणि अडीच आठवड्यांची चाल अंगावर घेऊन आलेली ही माणसे आहेत. त्यांना मंजिष्ठेचा फिकट लाल, विटका निळा, न रंगवलेल्या लोकरीचा करडा आणि तपकिरी असे मिसळून रंग द्यावेत. छातीवर किंवा पाठीवर सेंट जॉर्जचा पांढऱ्यावरचा तांबडा क्रूस काहींना काढावा. शेवटी सर्वांच्या पायांना आणि तळांना मैदानावर वापरला तोच चिखलाचा तपकिरी रंग गुडघ्यापर्यंत लावावा. सैन्य आणि जमीन एकाच जागची वाटतात ती या शेवटच्या हाताने. मॅट वॉर्निश दिल्याशिवाय आकृती खेळायला घेऊ नये.

सहावी पायरी : पहिला डाव

इंग्रज एका कडेला उभे करावेत : मध्ये चिलखतधारी, दोन्ही बगलांना धनुर्धारी, त्यांच्यापुढे खुंटांच्या पट्ट्या. फ्रेंच समोरच्या कडेला, घोडदळ एका बगलेवर. पहिली पाळी फ्रेंचांची. मूळ नियमांना मी दोन घरचे नियम जोडतो. नांगरटीत सर्वांची चाल निम्मी होते, आणि खुंटांमागे स्थिर असलेल्या धनुर्धाऱ्यांवर घोडदळाला समोरून धडकता येत नाही. दहा फेऱ्यांच्या आत एक तरी फ्रेंच तुकडी निम्म्याहून अधिक आकृत्यांसह खुंटांची रेषा ओलांडून उभी राहिली तर फ्रेंच जिंकले, नाहीतर इंग्रज.

पहिल्या डावात नियमपुस्तिका उघडी ठेवावी आणि शंका आली की दोघांनी मिळून तात्पुरता निर्णय घेऊन पुढे जावे. खरा नियम डावानंतर शोधावा. दुसऱ्या डावात बाजू बदलाव्यात. चिखलात अडकलेल्या तुकडीला सलग तिसऱ्या पाळीला फासा साथ देत नाही, तेव्हा फ्रेंच बाजू म्हणजे काय हे जसे समजते तसे ते वाचून समजत नाही.

हेच सैन्य पुढे १४२९ पर्यंतच्या लढायांना चालते. त्यांतली फ्रान्समधल्या पाते या गावाजवळची १८ जून १४२९ ची लढाई दुसरा प्रयोग म्हणून घ्यावी. तिथे इंग्रज धनुर्धाऱ्यांचे खुंट रोवून होण्याआधीच फ्रेंच घोडदळाने त्यांना गाठले, आणि या वेळी वाव्रँ इंग्रजांच्या बाजूला होता. त्यासाठी नांगरट काढून ठेवावी, कोरडे मोकळे कापड अंथरावे, फ्रेंचांना घोडदळाच्या दोन तुकड्या जास्त द्याव्यात, म्हणजे आणखी बारा घोडेस्वार रंगवावे लागतील, आणि इंग्रजांच्या खुंटांच्या पट्ट्या टेबलाबाहेर ठेवाव्यात. जी तुकडी एक पूर्ण पाळी न हलता, न बाण सोडता उभी राहील, तिलाच तिच्यापुढे एक पट्टी मांडता येईल.